लिंबू आणि एक चाक

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "हे उठत नाहीयेत गं," एवढंच ती म्हणाली. दोन मजले उतरून धावत गेले. दाराशी दादाची एकचाकी सायकल भिंतीला टेकून उभी होती, चाक सरकू नये म्हणून मागे नेहमीची वीट. मला आधी ती वीटच दिसली... आत कुशीवर निजलेला माझा भाऊ नंतर दिसला.

आम्ही बहीणभाऊ करंजाड्यात राहायला आलो तेव्हा इथे रस्ते होते, घरं नव्हती. सकाळच्या धुक्यात रस्ता कुठे संपतो ते कळायचं नाही. दादा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर कामाला. तिथल्या भंगारात त्याला ही एकचाकी मिळाली आणि साठीला टेकलेला माणूस रिकाम्या रस्त्यावर पडू लागला. पडून पडून शिकला. पण चालवण्यापेक्षा त्याला चढण्याचाच नाद. आधी मागे वीट लावून चढायचा. मग वीट सोडली. पेडलवर पाय देऊन चाक अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि त्याच झोक्यात वर. मग बाजूने टांग टाकून. शेवटी तर आडवी पडलेली सायकल पायानेच उचलून... धुक्यात त्याचं डोकं अचानक उंच व्हायचं, तेव्हा वाटायचं, हा चढलाच नाही, रस्त्यानेच याला वर उचललं.

"एकदा बसलं की बसलं. मजा चढण्यातच आहे," तो म्हणायचा.

मलाही त्याने नादी लावलं. मी अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवल्याशिवाय मी कधी चढले नाही. त्याचं एकच पालुपद, "खालच्या पेडलवर जोर नको देऊस. भार सीटवर टाक." आणि मी नेमका तिथेच जोर द्यायचे.

गेल्या वर्षी दसऱ्याला त्याने एकचाकीला झेंडूचा हार घातला आणि नवी गाडी काढताना ठेवतात तसं चाकापुढे लिंबू ठेवलं. चढायचा मान मला. मी घाईत खालचं पेडल दाबलं, चाक मागे सटकलं आणि मी दादाच्या अंगावर. लिंबू जसंच्या तसं. "आता त्या लिंबाचीच दृष्ट काढा," वहिनी म्हणाली. दादा कपडे झटकत म्हणाला, "पुढच्या दसऱ्याला मी लांब उभा राहणार. लिंबू तूच फोडायचं."

मला राग आला. "तू जवळ नसशील तर मी चढणारच नाही," मी म्हणाले. असं का बोलले कोण जाणे.

तो श्रावणात गेला. यंदा आमच्याकडे सण नाही. तरी गेल्या आठवड्यात, दसऱ्याच्या सकाळी, वहिनीने एकचाकी पुसून खाली आणली आणि पदरातून लिंबू काढलं. "सण नसला म्हणून काय झालं? ह्यांनी सांगितलेलं ना तुला?" म्हणाली, आणि लांब जाऊन उभी राहिली.

पाच वेळा चाक मागे सटकलं. सहाव्यांदा मी सगळा भार सीटवर टाकला. चाकाखाली लिंबू फुटल्याचा बारीक ओला आवाज आला... चाकाचे तीन-चार फेरे पुढे गेले असेन. चढताना माझा हात कशालाच लागला नव्हता. उतरताना मात्र तो आपसूक डावीकडे गेला, दादाच्या खांद्याच्या उंचीवर, आणि मी खाली आले तरी तिथेच राहिला.