अंगाईतली घोडी

"एक ना धड, भाराभर चिंध्या," असं आत्या आपल्या भाचीच्या गाण्याबद्दल म्हणायची. भाचीनं ते इतकं मनावर घेतलं की आपल्या बँडचं नावच 'चिंध्या' ठेवून टाकलं. बँड म्हणजे तरी काय, अकॉर्डियन घेऊन ही आणि शाळेपासूनचा मित्र असलेला एक ड्रमर. बापाकडची लग्नातली गाणी, आईकडची समुद्रावरची गाणी आणि रेडिओवरून उचललेलं जॅझ, हे सगळं ती एकत्र घुसळायची. कुठल्या रेकॉर्ड कंपनीनं तिला कधी विचारलं नाही आणि तीही कुणाच्या दारात गेली नाही. आठवडाभर वाद्यदुरुस्तीच्या दुकानात फाटके भाते चिकटवायचे, रविवारी व्हॅनमध्ये सामान कोंबून गायला जायचं. पोस्टरही स्वतःच डकवायचं.

लोक यायचे ते मुख्यतः एका गाण्यासाठी, तिच्या आईच्या अंगाईसाठी. 'घोडी गं घोडी, अंधार पडायच्या आत घरी ये.' शब्द आईच्या भाषेतले, आणि ती भाषा हिला एवढ्या अंगाईपुरतीच येत होती. ड्रमरनं लाकडी ठोकळ्यांवर टापांचा झकास ठेका बसवला होता, पोस्टरवर घोडी छापलेली होती, आणि कडवं संपलं की मागच्या रांगेतलं कुणीतरी हमखास खिंकाळायचं.

त्या रविवारी संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम होता आणि मामा येणार होता. आईनं परक्या माणसाशी लग्न केलं तेव्हा माहेरानं दार लावून घेतलं ते कायमचंच. आई गेली तेव्हाही कुणी फिरकलं नाही. आता आईकडचा तो एकटाच उरला होता. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केलेल्या या माणसानं चार ओळींचं पत्र पाठवून पहिल्या रांगेतली खुर्ची मागितली होती. तिला फार काही नको होतं. त्यानं ते गाणं ऐकावं आणि तिला आपली म्हणावं, बस.

दुपारी माइक तपासायला तिनं तीच अंगाई धरली. फरशी पुसणारी बाई हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. ती आईच्याच मुलखातली निघाली. आवाज गोड आहे म्हणाली, आणि मग जरा चाचरत पुढे बोलली.

"पण ताई, ती होडी आहे. समुद्रावर गेलेल्या होडीला घरी बोलावतात. तुम्ही घोडीला बोलावताय."

त्या भाषेतही होडी आणि घोडी यांच्यात एकाच अक्षराचं अंतर होतं, आपल्यासारखंच. तिच्या पायांखालची जमीन सरकली. दहा वर्षं, शेकडो कार्यक्रम, आणि इतके दिवस ही घोडीला हाका मारत होती. लहानपणी अर्धवट झोपेत कानांनी माती खाल्ली असणार. आता होड्यांत हयात घालवलेल्या माणसापुढे त्याच्याच बहिणीचं गाणं ती चुकीचं म्हणणार होती. आईकडचं तिच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं.

ड्रमर म्हणाला, गाणंच गाळू. मग म्हणाला, तू होडी म्हण, मी टापांऐवजी वल्ह्यांचा ठेका धरतो. वल्ह्यांचा ठेका कसा असतो हे त्यालाही ठाऊक नव्हतं, पण दोघांनी तासभर घोकून घोकून तो बसवला.

मामा वेळेआधी येऊन बसला. ताठ पाठ, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि नाक तर थेट आईचं. अंगाईची पाळी आली तेव्हा तिनं डोळे मिटले, मनात होडी घट्ट धरली, तोंड उघडलं, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बाहेर आली ती घोडीच. गडबडलेला ड्रमर वल्ही टाकून टापांवर आला. मागून कुणीतरी खिंकाळलंसुद्धा. तिनं डोळे उघडून पाहिलं तर मामा दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली वाकला होता. उरलेली गाणी तिनं कशीबशी उरकली.

टाळ्या थांबल्यावर मामा स्टेजमागच्या खोलीत आला. त्याला बोलूच न देता ती म्हणाली, "मामा, तिथं होडी हवी होती, मला आजच कळलं. चूक माझी आहे."

"तुझी कसली?" मामा डोळे पुसत होता, पण हसत होता. "दुधाचे दात पडले तेव्हापासून तुझी आई घोडीच म्हणायची. आम्ही इतकं चिडवलं की पुढे मुद्दाम तसंच म्हणायला लागली. घरात तिचं नावच घोडी पडलं होतं."

ती अकॉर्डियनच्या पेटीवर मटकन बसली. तिला एकदमच हसू आणि रडू फुटलं. आईनं तिला हे कधीच सांगितलं नव्हतं.

मामा तिच्या शेजारी टेकला.

"मला वाटायचं, आमच्यावरच्या रागात तिनं आमचं सगळं टाकून दिलं असेल," तो म्हणाला. "आणि आम्ही चिडवायचो तो शब्दसुद्धा ती तुला झोपवताना म्हणत होती."