आलंच आता

ट्रायथलॉनमध्ये तळ्यात पोहून झालं, सायकल दामटून झाली की शेवटी धावायचं असतं. तोवर माझे पाय माझे राहिले नव्हते. आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर सावलीत खुर्ची टाकून बसलेलं कुणीतरी टाळ्या वाजवत सांगत होतं, "आलंच आता, काकू." वळण संपलं की समोर पुन्हा चढ. शेवटी माझं डोकंच फिरलं. कुठे आलंय? आई दवाखान्यात होती तेव्हाही भेटायला येणारा जो तो तिला हेच सांगून, चहा पिऊन निघून जायचा. धीर द्यायला या लोकांना खोटंच का लागतं? चढ मी चढेन हो, पण दर वेळी मन आधीच पोचून बसतं आणि त्याला पुन्हा ओढून आणावं लागतं.

पाणी देणाऱ्या बाईंना मी रागानेच विचारलं, "खरं सांगा, किती राहिलंय?"

"बराच चढ आहे अजून," त्या म्हणाल्या. "दमानं घ्या."

माझा धपापणारा श्वास हळूहळू लयीत आला.

पुढे एक स्पर्धक गृहस्थ कठड्याला टेकून उभे होते. "आलं का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "चला."