पाचवी सही

"आदी सांगतो भाऊ, मी दोन टायमाला आत जाऊन आलेला मानूस हाय. मंग च्या द्या."

चहाचा ग्लास पुढे केला की तो हात मागे घ्यायचा आणि हे वाक्य म्हणायचा. समोरचा 'असू दे' म्हणाला की मगच ग्लास उचलायचा. पूर्वी कधी तरी कुणाच्या ओटीवर हा चहा पीत बसला असताना घरमालकाच्या कानात कुणीतरी कुजबुजलं, आणि त्या गृहस्थाने अर्धा प्यालेला कप याच्या हातातून काढून घेतला. तेव्हापासूनची ही पद्धत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला मात्र त्याच्यापेक्षा त्याच्या भोवतालचीच जास्त आठवतात, आणि म्हणून लिहिताना तोंड कडू होतंय.

मी पेणला कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, असली कामं. तो मूळचा रोह्याकडचा. तरुणपणी तिथल्या एका कारखान्यातून तांब्याची तार चोरली, सहा महिने आत बसला. सुटल्यावर काम कुणी देईना, तेव्हा पुन्हा तीच तार आणि या खेपेला दीड वर्ष. "केली चोरी, खोटं कशाला बोलू," एवढंच तो त्यावर म्हणायचा. नंतर रोह्यात त्याला कुणी दारात उभं करीना, म्हणून पेणला आला आणि गणपतीच्या कारखान्यात माती मळायला लागला.

पेणमध्ये मूर्ती करणारे हात पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी सगळ्यांना साधत नाही. मालकाने एकदा सहज म्हणून याच्या हातात ब्रश दिला. पाच-सहा वर्षांत हा असा तयार झाला की गिऱ्हाइकं मूर्ती ठरवतानाच बजावून जायची, डोळे त्याच्याकडूनच काढून घ्या. श्वास रोखून पापणीची रेघ ओढायचा आणि मग मूर्तीला हळूच म्हणायचा, "बघ आता." माझ्या घरचा गणपतीही त्याच्याच हातचा असायचा.

आता पुढचं ऐका. दर वर्षी चतुर्थी जवळ आली की पोलीस ठाण्यातून, कुठल्या ते सांगत नाही, जुन्या गुन्हेगारांना बोलावणं जायचं. सणात गडबड नको म्हणून. दुसरी शिक्षा भोगून अठरा वर्षं झाली तरी याचं नाव यादीत होतंच. सकाळ-संध्याकाळ हजेरी, ती विसर्जनापर्यंत. ऐन आखणीच्या दिवसांत हा बोटांना रंग लागलेला तसाच, तो राहायचा त्या रामवाडीहून, चालत जायचा आणि बाकावर तास-दोन तास बसून राहायचा. एकदा तिथल्या साहेबाने त्याला विचारलं, आमच्या मूर्तीचे डोळे झाले का? हा म्हणाला, मला लवकर सोडलंत तर होतील. हे तो हसत सांगायचा.

एका श्रावणात तो माझ्याकडे अर्ज करायला आला. यादीतून नाव काढायचं होतं. इतक्या वर्षांनी आत्ताच का, असं मी विचारलं.

"घरच्या गनपतीची आरती मना एकदा पन मिळाली नाय, भाऊ. आरतीच्या टायमाला मी हजेरीला."

साहेबाने त्याला सांगितलं होतं, पाच प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्यांचं वर्तणुकीचं पत्र पंधरा दिवसांत आण, मग बघू. मी पत्र टाइप केलं. 'सदर इसम गेली अठरा वर्षे सचोटीने राहत आहे.' सचोटी म्हणजे काय, ते त्याने विचारून घेतलं आणि ऐकून चक्क लाजला.

मग तो प्रतिष्ठित नागरिक शोधत फिरला. कारखान्याच्या मालकाने सही केली. रंगांच्या दुकानाचे मुसलमान शेठ होते, त्यांनी पत्र वाचलंसुद्धा नाही. मी जुम्म्याच्या नमाजला जातो तेव्हा दुकान याच्यावरच सोडून जातो, आता वाचायचं काय, म्हणाले. एक निवृत्त पोस्टमन आणि शाळेतल्या एक बाई यांनीही सही दिली. बाकीच्यांचं काय सांगू? भातगिरणीवाल्याने तासभर अंगणात उभं केलं आणि श्रावणात आपण असल्या कागदाला हात लावत नाही म्हणाला. हेडमास्तरांच्या शाळेचं नाव खराब होत होतं. डॉक्टरांचा शिक्का नेमका त्याच दिवशी हरवला. आणि हीच मंडळी चतुर्थीला त्याने काढलेल्या डोळ्यांपुढे हात जोडणार होती. थू त्यांच्या प्रतिष्ठेवर.

चार सह्या झाल्या. मुदतीचा शेवटचा दिवस होता. तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"भाऊ, पाचवी तुमी कराल का?"

मी मशीनमध्ये नवा कागद चढवायला लागलो. माझं बसणं कचेरीच्या दारात, रोजची गाठ याच साहेबलोकांशी. उद्या त्यांनी उठवलं तर? मी म्हणालो, ज्याने कागद टाइप केला त्याला त्यावर सही करता येत नाही, तसा नियम आहे. असा कुठलाही नियम नाही.

"नियम असंल तर तुमी तरी काय करनार," तो म्हणाला. "मनाला लावून घेव नका."

त्या वर्षीही तो हजेरीला जाऊन बसला. थंडीत छातीचं दुखणं निघालं आणि त्यातच तो गेला.

पुढच्या श्रावणात ठाण्यातला हवालदार जुनी यादी घेऊन माझ्याकडे आला. त्यांचा टायपिस्ट रजेवर होता, चार प्रती हव्या होत्या. सातवं नाव त्याचं. मी म्हणालो, हा माणूस वारलाय.

"मेल्याचा दाखला आनि घरच्यांचा अर्ज आल्याबिगर नाव निघत नाय. हाय तशी मारा."

मी सहावं नाव टाइप केलं आणि सातव्या आकड्यापुढे त्याचं सोडून आठवं. हवालदाराने प्रती मोजल्या, नावं मोजली नाहीत. संध्याकाळी तो भेटला तेव्हा साहेबाने न वाचताच सही ठोकली म्हणून सांगत होता.

चतुर्थीला सकाळी मी रामवाडीला त्याच्या घरी गेलो. वर्षाच्या आत असूनही बायकोने लहानशी मूर्ती आणली होती. आरती संपल्यावर ती माझ्याजवळ आली.

"यंदा बोलावनं नाय आलं, भावजी. मना धाक व्हता, हे नसताना पोलीस दारात उभे ऱ्हातील. त्यांनी नाव काढलं वाटतं."

मी व्हय म्हणालो. तिने माझ्या हातावर प्रसाद ठेवला, आणि मी तो खाल्ला.