गिटारची दांडी

समुद्राकाठच्या दमट हवेत ताईच्या गिटारची दांडी वाकली आणि तिचं वाजवणं बंद पडलं. दुकानदार म्हणाला, नवी घ्या. पण ताईने घरीच सागवानाची दांडी करायला घेतली. एकसंध तुकड्याची नाही, तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवून.

सरस लावण्याआधी तिने मधली पट्टी उलटी फिरवली.

"असं का गं?" मी विचारलं.

"लाकडातल्या रेषा बघ ना. ही डावीकडे वळायला बघणार, ती उजवीकडे. एकमेकींना धरून ठेवतील."

मी पट्टी उजेडात धरली. झाड तोडून कितीतरी काळ लोटला होता, तरी त्याचा कल त्या रेषांत तसाच होता. ओल लागली की लाकूड अजूनही आपल्या वळणाने जायला निघतं.

दांडी तासून बसवली, तारा चढवल्या. ताई खुंट्या पिळत होती आणि मी बघत होतो. तिने दांडीवर लोखंडी फूटपट्टी टेकवली. खालून उजेडाची फट दिसेना. मग तिने तार छेडली. मी दांडीला हात लावला. एवढ्या तारांच्या ओढीखाली ते लाकूड थरथरत होतं, आणि सरळ होतं.