आमच्या कॉलेजला ओबीचा माणूस मिळाला तेव्हा

संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की गुरुवारच्या मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून मी बसायचं. जागा होती ऑर्गनायझेशनल स्टडीजच्या प्राध्यापकाची. संस्था कशा चालतात, त्यांत माणसं कशी वागतात, निर्णय कोण घेतं, असा तो विषय. एमबीएच्या मुलांना तो ऑर्गनायझेशनल बिहेव्हियर या नावानं असतो, ती त्याला नुसतं ओबी म्हणतात. मी त्याच कॉलेजात अकाउंट्स शिकवते.

"सर, हा माझा विषय नाही," मी म्हणाले.

"कुणाचाच नाही, मॅडम. म्हणून तर माणूस नेमतोय."

बाहेरून येणारे खरे तज्ज्ञ आजारी पडले होते आणि कागदावर कुणीतरी हवंच होतं. दोन दिवस मी लायब्ररीतलं एक जाडजूड पुस्तक उशाशी घेतलं. एकेक प्रकरण संपलं की आधी जे कळल्यासारखं वाटत होतं तेही निसटायचं.

मुलाखतीला दोघं आले. पहिल्या बाई पुण्याच्या. स्वच्छ इंग्रजी, पडद्यावर रंगीत चौकोन आणि चौकोनांतून निघणारे बाण. प्रत्येक बाणाला आमच्या संस्थेचे अध्यक्षसाहेब मान डोलवत होते, म्हणून मीही डोलवली.

दुसरे गृहस्थ पाटोद्याकडचे, तिशीतले. घरी मेंढरं. चार-पाच घरं आपापले कळप एकत्र करून चराईला निघतात तेव्हा मुक्काम कधी हलवायचा हे कोण ठरवतं, यावर त्यांनी संशोधन केलं होतं.

"म्हणजे मेंढरांवर पीएचडी?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं.

"मेंढरांवर न्हाई, साहेब. माणसांवर. मेंढरं नुसती संगं हायेत."

मग त्यांनी मुलाखत घेणाऱ्या आम्हा पाचही जणांना एकेक चिठ्ठी दिली. "कॉलेजात तुमचं एखादं काम आडलं तर तुमी पयले कुणाकडं जाता? एकच माणूस लिहा."

आम्ही परीक्षेला बसल्यासारखं लिहिलं. त्यांनी चिठ्ठ्या उघडून वाचल्या. चार चिठ्ठ्यांवर ऑफिसातल्या हेडक्लार्क बाई होत्या. पाचवीवर लिहिलं होतं, 'मी स्वतः'. ती कुणाची हे सांगायची गरज नव्हती. "हुशार हाय गडी," अध्यक्षसाहेब म्हणाले. तो राग होता की कौतुक, मला आजही सांगता येणार नाही.

मला ते पाटोद्याचे गृहस्थ आवडले होते. त्या दहा मिनिटांत मला जेवढं कळलं तेवढं त्या पुस्तकातून कळलं नव्हतं. तरी गुणपत्रक समोर आलं आणि मी जास्त गुण पुण्याच्या बाईंना दिले. त्या गृहस्थांचं 'न्हाई' आणि 'हाय' मला कुठंतरी टोचलं होतं. मुलं हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. माझ्या वडिलांचं पाटोद्यातच कापडाचं दुकान. आमच्या घरात सगळे असंच बोलतात. मीसुद्धा बोलायचे, हॉस्टेलच्या पहिल्या वर्षात तोंडातून एकेक शब्द खरवडून काढला.

बाईंची निवड झाली. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी त्यांचा मेल आला, दुसरीकडे काम मिळालंय म्हणून. संचालकांनी मला पाटोद्याच्या सरांना फोन करायला सांगितलं.

"तवा न्हाई म्हणलात, आता हो म्हणताय," ते शांतपणे म्हणाले. "ठरवलं कुणी, मॅडम?"

"विचारून सांगते," मी म्हणाले, आणि खरंच विचारायला गेले. संचालक म्हणाले, अध्यक्षांची पसंती होती. अध्यक्षसाहेब फाटकापाशी गाडीत बसत होते.

"मी?" ते म्हणाले. "मी तर त्या गड्यालाच घ्या म्हणत होतो. पण तज्ज्ञाचे मार्क बाईंना जास्त. मग आपण कावून मधी पडावं?"

तज्ज्ञ म्हणजे मी. म्हणजे ठरवलं होतं मी, आणि ते मलाच ठाऊक नव्हतं. की अध्यक्षसाहेब मला खोटं सांगत होते? त्या सरांना मी पुन्हा फोन केला आणि एवढंच विचारलं, "येताय का?"

"येतो," ते म्हणाले.

स्टाफरूममध्ये त्यांना माझ्या शेजारचं टेबल मिळालं. महिनाभरानं, दोघंच असताना, मी मार्कांचं सगळं सांगून टाकलं. ते हजेरीपटावर रेघा मारत होते.

"कावून पण?" त्यांनी मान वर न करता कारण विचारलं.

"तुमची भाषा," मी म्हणाले. मग ओठांवर आलं ते आवरता आलं नाही. "आमच्या घरी बी तसंच बोलत्यात."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मग तर लईच अवघड हाय," ते म्हणाले, आणि हजेरीपट उचलून तासाला गेले.

थोड्या वेळानं मी व्हरांड्यातून चालले होते. त्यांच्या वर्गाचं दार उघडं होतं. आत ते शिकवत होते, अगदी छापील, प्रमाण मराठीत, मधूनमधून इंग्रजीत. एकही 'हाय' नाही, एकही 'लई' नाही. ते पहिल्यापासून वर्गात असंच बोलत होते, की मी सांगितलं त्या दिवसापासून, हे कुणाला विचारावं ते मला कळेना. मी खांबाला टेकून तो तास संपेपर्यंत ऐकत राहिले.