माळवदावरची माती

बजाबाईच्या भाकरीला सोलापुरात तोड नव्हती आणि तिच्या भूकंपाला जगात तोड नव्हती. निदान तिचं म्हणणं तसं होतं. टीव्हीवर कुठल्या देशातल्या पडक्या इमारती दाखवल्या की ती पीठ मळता मळता नाक मुरडायची. "ह्ये काय! किल्लारीच्या येळचा बगायला पायजे हुता."

किल्लारीच्या त्या पहाटे तिचं निम्मं गाव बसलं होतं. घरात तिचा नवरा आणि आठ वर्षांची लेक मुक्ता दबून गेली. बजाबाई दारात निजली होती म्हणून राहिली. असलं दुःख कुणी मिरवतं का, असं नवख्या माणसाला वाटायचं. पण त्या मिरवण्यातच तिचा आधार होता. एवढा मोठा भूकंप, की त्याच्यापुढे राजा काय आणि रंक काय, कुणाचंच काही चाललं नसतं! हे एकदा मनाशी पक्कं केलं, म्हणून तर बाई सोलापुरात येऊन दुसऱ्यांच्या घरी भाकऱ्या थापत इतकी वर्षं धडपणे जगली.

प्रभाताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांची ज्ञानदा रांगत होती तेव्हापासून बजाबाई त्यांच्याकडे होती. भाकरीचा पापुद्रा दुधात कुस्करून ज्ञानदाला भरवला तो तिनंच. ती पोर आता जपानमध्ये नोकरीला होती आणि रविवारी सकाळी फोनवर तोंड दाखवायची.

त्या रविवारी बजाबाई घाईत होती. दुपारच्या एसटीनं तिला गावी जायचं होतं. पुतण्या महेश्वरनं भूकंपानंतर मिळालेल्या सरकारी घराला मागं दगडी खोली जोडली होती, वर लाकडं टाकून मातीचं माळवद केलं होतं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत. पत्र्याची खोली उन्हाळ्यात माणसाला भाजून काढते, माळवदाखाली कसं थंडगार वाटतं. माती कुठल्या खाणीतली आणायची, ती कशी चोपायची, सगळं बजाबाईनंच फोनवरून सांगितलं होतं. त्या खोलीत महेश्वरची चार वर्षांची सई निजणार होती.

ज्ञानदा आईशी बोलत होती आणि मधेच तिचा फोन कर्कश ओरडायला लागला.

"एक मिनिट हं, आई. भूकंप येतोय."

येतोय! पाहुणा येतोय म्हणावं तसं ती म्हणाली. बजाबाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडायची ती ओट्यावर पडली. ज्ञानदा फोन घेऊन टेबलाखाली शिरली आणि तिच्या मागचं सगळं घर हलायला लागलं. दिवा झोके खात होता. कपाटं खडखडत होती. एक कप खाली येऊन फुटला.

"पळ! बाहेर पळ गं बाई!" पिठाच्या हातांनी प्रभाताईंचा फोन धरून बजाबाई किंचाळली. "घरात न्हाय थांबायचं! पळ!"

"बजामावशी, घाबरू नकोस. बाहेर नाही जायचं. हे घर पडत नाही."

बजाबाई थिजून उभी राहिली. भूकंपात घर पडत नाही? असं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

थोड्या वेळानं ज्ञानदा टेबलाखालून बाहेर आली. चपला घालून ती कपाचे तुकडे झाडायलाही लागली. "सहा पॉइंट तीन सांगतायत," ती म्हणाली.

"किल्लारीचा साधारण एवढाच होता," प्रभाताई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

"तेवढाच?" बजाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "न्हाय. ताई, तुमी चुकताय. ह्यो बारका असंल. मेली किती, ते सांग की गं."

"आतापर्यंत तरी कुणीच नाही, मावशी. एका आजींचा हात मोडलाय म्हणे. गाड्या थांबवल्यात, रूळ तपासून सोडतील."

"कुणीच न्हाय?"

परक्यांची का होईना, माणसं वाचली म्हणून माणसानं आनंद मानावा. बजाबाईला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "मग आमचीच का मेली? आमीच काय पाप केलतं?"

"पाप कसलं गं! तो जमिनीत किती खोल होतो, त्यानंही फरक पडतो. इथंही फार मोठा आला की माणसं जातातच. पण इथं घर कसं बांधायचं याचा कायदा आहे आणि तो पाळण्याएवढा पैसा लोकांकडे आहे. भिंती एकमेकींना जखडलेल्या, वर छप्पर हलकं…"

"हलकं म्हंजे? वर काय हाय?"

"माझ्या घरावर पातळ पत्रा आहे."

"माती?"

"माती कशाला घालतील, मावशी?"

बजाबाई मटकन खाली बसली. दर वर्षी पावसाच्या तोंडावर ती घराच्या माळवदावर डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायची. जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी. त्या वर्षी मुक्ता म्हणाली होती, "आई, माज्या तोंडावर पानी पडतंय." नवरा पुरे म्हणत होता, तरी लेकराच्या कोपऱ्यावर तिनं दुप्पट माती घातली होती. आणि भूकंपाच्या दिवशी दुपारपर्यंत हातांनी उपसली, तीही तिनंच वाहिलेली पांढरी माती.

"अहो, सगळं गावच घालत होतं," प्रभाताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाय की. तिला फोन सांगतोय, ताई. आमाला मानसानंबी न्हाय सांगितलं." एवढं बोलून ती एकदम उठली. "अगं बया! सई!"

ती गावात उतरली तेव्हा महेश्वरच्या दारात मांडव घालून झाला होता. तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. पदर खोचला, खोरं आणि पाटी उचलली आणि शिडीला हात घातला.

"काकू, याड लागलं काय?" महेश्वर आडवा आला. "उद्या पूजा हाय. आन् तेवढा भूकंप परत येत न्हाय, तूच म्हनायचीस की."

"तेवढा न्हवताच त्यो, म्हेश्वर," ती म्हणाली. "लेकरू मातीनं मेलं माजं. मीच घातलेली."

महेश्वर बाजूला झाला. महिनाभर ती माती डोक्यावर वाहून वर चढवणारी त्याची बायको सईला कडेवर घेऊन दारात उभी होती. बजाबाईनं वरून पहिली पाटी अंगणात ओतली. तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. तिनं डोळे पुसले नाहीत, दुसरी पाटी भरायला घेतली.