मामींच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मी चिकलठाण्याला मामांकडे राहत होतो. मामा कंपनीत शिफ्टला जायचे आणि मामी घरी बसून लोकांचे पीएच.डी.चे प्रबंध टाइप करून द्यायच्या. त्यांचा कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. काही बिघडलं की हाक मलाच यायची, म्हणून त्याच्यावर थोडा माझाही हक्क आहे असं मी धरून चाललो होतो.

त्या वर्षी वर्गात सरांनी एक सॉफ्टवेअर दाखवलं. आपण वापरत नसतो तेव्हा कॉम्प्युटर रिकामा असतो; तो वेळ संशोधनाला द्यायचा. दूरच्या विद्यापीठातून गणिताचे तुकडे इंटरनेटवरून येतात, आपला कॉम्प्युटर ते सोडवून उत्तर परत पाठवतो. त्यातून नवी औषधं शोधायला मदत होते. बाकीच्या मुलांना त्यात विशेष काही वाटलं नाही. मला मात्र ते लगेच पटलं. माझे वडील मेंढ्या घेऊन गोदाकाठच्या रानांतून फिरतात. रात्री एखाद्याच्या शेतात कळप बसवतात. मेंढ्या नुसत्या बसून असतात आणि शेताला खत मिळतं. रिकाम्या बसण्याचाही कुणाला उपयोग होतो, हे मी लहानपणापासून पाहिलेलं होतं.

मामी औरंगपुऱ्याला कागद आणायला गेल्या असताना मी ते सॉफ्टवेअर टाकलं. विचारायचं सुचलंच नाही. खरं सांगायचं तर, विचारलं असतं तर समजावून सांगता आलं असतं की नाही, याची खात्री नव्हती.

पंधरा दिवसांनी त्या संशोधनाच्या पानावर माझं नाव दिसलं, पुढं केलेल्या कामाचे गुण. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझं नाव कुठल्या संशोधनात असेल असं मला वाटलं नव्हतं. मी दिवसातून दोनदा ते पान उघडून बघायचो.

अडचण भारनियमनाची होती. प्रत्येक तुकड्याला मुदत असते, आणि लाइट गेली की काम मागं पडायचं. दोन तुकडे मुदतीत गेले नाहीत, तेव्हा मी एक सेटिंग बदललं. फक्त रिकाम्या वेळी नाही, कायम काम चालू राहू दे. उन्हाळा लागला होता. कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायला लागला आणि चालता चालता कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला.

मामींनी मला बोलावलं. मी कॅबिनेट उघडलं, रंगाच्या ब्रशनं धूळ काढली, पंख्याखालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. तरीही तो बंद पडलाच. कारण विचारल्यावर माझ्या तोंडून गेलं, "व्होल्टेज. मोटर लागली की पडतं."

टँकर चार दिवसांतून एकदा यायचा. पाणी खालच्या हौदात पडायचं आणि मोटरनं वर चढायचं. आम्ही वरच्या मजल्यावर. माझ्या त्या वाक्यानंतर मामींनी ठरवलं की काम चालू असताना मोटर लावायची नाही. त्या आणि माझी मामेबहीण बादल्या घेऊन जिना चढायच्या. मी कॉलेजातून आलो की मीही चढायचो, पण तोवर बहुतेक पाणी वर आलेलं असायचं. मामी ओला पदर पिळून तशाच टाइप करायला बसायच्या. पैठणच्या एका सरांचा प्रबंध होता आणि त्यांना सोमवारचा शब्द दिला होता.

शुक्रवारी मी सॉफ्टवेअर थांबवून पाहिलं. दुपारभर कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. सततच्या कामानं तापून तो बंद पडत होता, हे तेव्हाच कळलं. पण एक तुकडा ब्याण्णव टक्क्यांवर आला होता आणि त्याची मुदत रविवारी संपत होती. एवढा होऊ दे, मग काढतो, असं म्हणून मी ते परत चालू केलं.

शनिवारी मामी तिसरं प्रकरण सेव्ह करत असतानाच कॉम्प्युटर बंद पडला. परत लावल्यावर फाइल उघडेना. आधीची दोन प्रकरणं पेनड्राइव्हवर होती. तिसरं कुठंच नव्हतं.

"मामी, व्होल्टेजचा दोष नाही," मी म्हणालो.

"मग कशाचा?"

मी सॉफ्टवेअर थांबवलं आणि सगळं सांगितलं. त्यांना नीट कळावं म्हणून मेंढ्यांचंही सांगितलं. मामीही मेंढपाळाच्या घरातल्याच.

"व्हय, ते समजलं," त्या म्हणाल्या. "पण तुझा बाप दुसऱ्याच्या मेंढ्या सोडून नेतो का? अन् त्या बी दिवसा, चरायच्या वेळंला?"

मामेबहीण दारात उभी होती. "म्हंजी दादा, आम्ही बादल्या उगाच वाहिल्या?"

"तू गप. बादल्यांचं मी बघते त्याच्याकडं," मामी तिला म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "सरांची हातानं लिहिलेली पानं घे अन् वाचून दाखव. लई घाई करू नको."

रविवारभर मी हस्तलिखित वाचत होतो आणि त्या टाइप करत होत्या. सरांचं अक्षर किचकट होतं. मी अडखळलो की त्या वळून बघायच्या. दुपारी चार तास लाइट नव्हती. रात्री झोपेपर्यंत अर्धं प्रकरण झालं.

सोमवारी सर आले. मामी म्हणाल्या, "माझ्याच हातून राहिलं, सर. दोन दिवस द्या." मी तिथंच बसलो होतो. माझ्याकडं त्यांनी बोट दाखवलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. सरांनी उरलेली पानं पिशवीत भरली. "मला बुधवारी जमा करायचंय. दुसरीकडं बघतो," असं म्हणून ते उतरून गेले.

ते गेल्यावर मी मामींसमोर सॉफ्टवेअर उघडलं. ब्याण्णव टक्क्यांचा तुकडा सत्त्याण्णवला येऊन मुदतीबाहेर गेला होता. आणखी तीन रांगेत होते. ते मी रद्द केले.

"आता हे कोण करणार?" मामींनी विचारलं.

"दुसऱ्या कुणाला तरी पाठवतात. जगात लई लोक आहेत यात."

"मग तुझ्यावाचून काय अडलं होतं?"

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. मी सॉफ्टवेअर काढून टाकलं.

त्यानंतर कॉम्प्युटर एकदाही आपोआप बंद पडला नाही. पण पैठणच्या सरांकडून किंवा त्यांच्या ओळखीतून परत काम आलं नाही, आणि त्या उन्हाळ्यात दुसरंही कुणी आलं नाही. दुपारी मामी कॉम्प्युटरवरचं कापड काढून झटकायच्या आणि परत घालायच्या.